गोव्यातल्या जुन्या घरात गरम पाण्याची सोय : दोन चवथी पाहिल्यानंतरचा अभिप्राय

फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पुरी झाली. घर चिऱ्यांचे, कौलारू, मधोमध राजांगण असलेले. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्यावर नव्याने घातलेला स्लॅब, पश्चिमेच्या टोकाला आईच्या खोलीलगत नवे न्हाणीघर आणि माडीवर आणखी एक लहान न्हाणीघर. नेहमी राहणारी माणसे सहा, चवथीला (गणेशचतुर्थीला) अठरा. दुरुस्तीत फरशी, वासे आणि वायरिंग यांचे निर्णय लवकर झाले, पण गरम पाण्याचा निर्णय मात्र तीन महिने रेंगाळला, कारण प्रत्येक दुकानदार वेगळे सांगत होता आणि प्रत्येकाचे सांगणे ऐकताना पटत होते. शेवटी आम्ही चार गोष्टी बसवल्या : स्वयंपाकघरावरच्या स्लॅबवर 200 लीटरचा सौर जलतापक, पश्चिमेच्या न्हाणीघरात 25 लीटरचा पंचतारांकित साठवणीचा गीझर, माडीवर 15 लीटरचा तसाच लहान गीझर आणि स्वयंपाकघरातील सिंकखाली 3 लीटरचा झटपट गीझर. त्यानंतर दोन पावसाळे, एक हिवाळा आणि दोन चवथी गेल्या. कोणत्या वस्तूने काय दिले आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी काय घेईन, हे गोव्यात घर दुरुस्त करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक हिशेब मांडतो, कारण तो मला कोणत्याही दुकानात कोणी करून दाखवला नाही आणि तो आधी केला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते. गोव्यात टाकीतील पाणी वर्षातील बहुतेक दिवस 26 ते 28 अंशांवर असते आणि अंघोळीला आपल्याला साधारण 40 अंशांचे पाणी लागते. म्हणजे पाणी केवळ 13 अंशांनी तापवायचे असते. उत्तरेत जिथे जानेवारीत नळाचे पाणी 13-14 अंशांवर येते, तिथे याच अंघोळीला दुप्पट उष्णता लागते. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी, आणि एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. तेव्हा 20 लीटरची एक बादली 27 वरून 40 अंशांवर न्यायला 260 किलोकॅलरी, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही थोडी कमी वीज लागते. बादलीने अंघोळ करणाऱ्या आमच्या सहा माणसांना दिवसाकाठी दोन युनिटांच्या आतच गरम पाणी मिळते. शॉवर मात्र हा हिशेब पार बदलतो : मिनिटाला 8 लीटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली कोणी दहा मिनिटे उभे राहिले तर चार बादल्या पाणी संपते. म्हणून घरात किती माणसे आहेत याच्या आधी ती अंघोळ कशी करतात हे विचारले पाहिजे, आणि हा प्रश्न मला एकाही विक्रेत्याने विचारला नाही. ‘माणसे किती?’ एवढे विचारून एकाने थेट 300 लीटरच्या सौर संचाचे दरपत्रक हातात ठेवले.

सौर जलतापकाविषयी मला सर्वाधिक लिहायचे आहे, कारण त्याच्यावर आमचा सर्वाधिक खर्च झाला. संच स्वतः उत्तम आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. आम्ही काचेच्या नळ्यांऐवजी सपाट पट्टीचा, म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर काळा पत्रा आणि वर कठीण काच असलेला प्रकार घेतला. पोकळ काचनळ्यांचा संच स्वस्त पडतो, त्याच्या रुंद नळ्यांना क्षारयुक्त पाणीही अधिक सोसते आणि एखादी नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. पण ती फुटली की टाकीतील सगळे पाणी त्या वाटेने निघून जाते. आमच्या स्लॅबपासून चार हातांवर तीन माड आहेत. माड उतरवणारा माणूस वेळेवर मिळत नाही हा सगळ्यांचाच अनुभव असल्याने नारळ केव्हा पडेल याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही काचनळ्यांचा विचार सोडून दिला. सपाट पट्टीचा दोष असा की तिच्यातील तांब्याच्या नळ्या अरुंद असतात आणि जड पाण्याने त्या आतून चोंदतात. आमच्या छपरावरच्या टाकीत ओपा प्रकल्पाचे शुद्ध केलेले पाणी येते, त्यामुळे ती भीती कमी. मात्र ज्यांची टाकी घरच्या विहिरीवर भरते त्यांनी पाण्याची तपासणी केल्याशिवाय कोणताही संच घेऊ नये. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी बहुधा मृदू असले तरी बऱ्याच ठिकाणी किंचित आम्ल असते व त्यात लोहही सापडते. असे पाणी तांब्याला आणि गीझरच्या टाकीला दोहोंनाही हळूहळू खाते. किनाऱ्यालगतच्या विहिरींत क्षार उतरतात आणि तिथे स्टेनलेस स्टीलच्या टाकीलासुद्धा बारीक छिद्रे पडू शकतात.

आता खरी गोष्ट सांगतो. गोव्याच्या हवामानात सौर जलतापक सर्वाधिक पाणी तापवतो तो एप्रिल आणि मे महिन्यांत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या घरी आईशिवाय कोणी गरम पाण्याने अंघोळ करत नाही. ज्या जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओलसर असतात, कपडे वाळत नाहीत आणि संध्याकाळी कामावरून भिजून आलेल्या माणसाला दोन तांबे गरम पाणी हवेसे वाटते, तेव्हा सूर्य आठवडा आठवडा दिसत नाही. उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने. त्या पाच महिन्यांत मात्र संचाने एकदाही निराश केले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे, आदल्या दिवशीच्या उन्हावर तापलेले पाणी सगळ्यांच्या अभ्यंगाला पुरून उरले आणि त्या पहाटे वीज गेलेली होती, तरी कोणाला ते जाणवले नाही. वीज नसतानाही गरम पाणी असणे ही सौर संचाची मला वाटणारी सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पैशांच्या बचतीचे म्हणाल तर पाच महिने, रोजची दोन युनिटे, म्हणजे वर्षाला सुमारे 300 युनिटे. गोव्यात घरगुती विजेचा दर शेजारच्या महाराष्ट्राच्या मानाने बराच कमी असल्याने ही रक्कम एवढी लहान होते की संचाची किंमत त्यातून वसूल व्हायला संचाचे सगळे आयुष्य जावे लागेल. चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात हे जे सर्रास सांगितले जाते ते थंड प्रदेशातील किंवा शॉवर वापरणाऱ्या मोठ्या कुटुंबांच्या बाबतीत खरे असू शकेल. आमच्यासारख्या घरांना ते लागू पडत नाही.

त्यातही 200 लीटर हे माप आम्हाला मोठे झाले. टाकीतील पाणी 60 अंशांवर असेल तर त्यात गार पाणी मिसळून अंघोळीच्या पंचवीस बादल्या होतात. आम्हाला लागतात सहा ते आठ. 100 लीटरच्या संचाने बारा बादल्या दिल्या असत्या आणि काम भागले असते. मोठ्या संचामुळे मार्चनंतर टाकीतील पाणी न वापरता दिवसेंदिवस तापत राहते, हात भाजेल इतके कढत होते, आणि घरात लहान मूल असेल तर तो धोका खरोखरच दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आम्ही एप्रिलमध्ये पट्ट्यांवर गोणपाट बांधतो. जे नव्याने बसवणार आहेत त्यांना एक सुचवावेसे वाटते : पट्टीचा उतार दक्षिणेकडे आणि गोव्याच्या साडेपंधरा अक्षांशात दहा-पंधरा अंश मिळवून, म्हणजे 25 ते 30 अंशांचा ठेवावा. आपल्याकडे मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि डिसेंबरात दक्षिणेला कलतो. जास्त उतारामुळे मे महिन्यातील नको असलेले ऊन थोडे कमी मिळते आणि डिसेंबरातील हवे असलेले ऊन अधिक मिळते.

संच बसवणाऱ्या माणसांनी केलेली एक चूक आम्हाला दोन आठवडे भोवली. अशा संचात पाणी पंपाशिवाय, गरम पाणी हलके होऊन वर चढते या साध्या तत्त्वावर फिरते. म्हणून गरम पाण्याची टाकी पट्टीच्या वर, आणि गार पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्याच्या वर असावा लागतो. आमची जुनी गार पाण्याची टाकी हातभर खाली होती. परिणामी गरम टाकी पूर्ण भरतच नसे, नळ सोडला की आधी हवा फुसफुसत येई, मग धार येई, मग पुन्हा हवा. हवेची नळीही त्यांनी गार टाकीच्या पातळीपेक्षा खाली ठेवली असती तर तिच्यातून पाणी सतत वाहत राहिले असते. ते मात्र आमच्या वेळीच लक्षात आले. शेवटी गवंड्याने चिऱ्यांचे अडीच फूट उंच चौथरे बांधून गार टाकी वर चढवली आणि त्या दिवसापासून तक्रार उरली नाही. कौलारू घराच्या मालकाने हा उंचीचा प्रश्न दरपत्रक घेण्याआधीच सोडवला पाहिजे, कारण कौलांवर 200 किलो पाण्याचे आणि लोखंडी मांडणीचे ओझे ठेवता येत नाही आणि स्लॅबचा तुकडा असलाच तर तो बहुधा घराच्या सर्वांत खालच्या भागावर असतो.

दुसरी अडचण अंतराची. स्लॅबवरून राजांगणाला वळसा घालून पश्चिमेच्या न्हाणीघरापर्यंत नळाची लांबी 24 मीटर भरते. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) नळाच्या दर मीटरमध्ये साधारण पाव लीटर पाणी मावते, म्हणजे गरम पाणी तोटीपर्यंत यायच्या आधी सहा लीटर गार पाणी ओतून द्यावे लागते, आणि नळ बंद केला की तेवढेच गरम पाणी नळात निवत पडते. सकाळी सहा माणसे वेगवेगळ्या वेळी अंघोळ करणार असतील तर हा तोटा सहा वेळा होतो. नळावर फोमचे आवरण चढवून थोडा फरक पडला, पण खरा उपाय निघाला तो गीझरच्या जोडणीतून. सौर टाकीकडून येणारा नळ आम्ही सरळ तोटीकडे न नेता न्हाणीघरातील 25 लीटरच्या गीझरमध्ये सोडला. हिवाळ्यात गीझरमध्ये येणारे पाणी आधीच गरम असते, थर्मोस्टॅट चालूच होत नाही. नळातले गार पाणी गीझरमधील गरम पाण्यात मिसळून जाते आणि तोटीतून पहिल्या क्षणापासून ऊन पाणी येते. तीन कॉक असे बसवले आहेत की पावसाळ्यात सौर टाकी पूर्ण बाजूला काढून गीझरला थेट गार पाणी देता येते. अशी जोडणी करण्याआधी आपल्या गीझरला किती अंशांपर्यंतचे पाणी आत घेता येते हे कंपनीकडून लिहून घ्यावे. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, पीपीआर किंवा तांबे यांखेरीज दुसरा नळ वापरू नये. स्वस्त म्हणून साधा पांढरा पीव्हीसी घालणारे प्लंबर अजूनही आहेत आणि तो नळ गरम पाण्याने मऊ होऊन सांध्यांत गळू लागतो.

याच संदर्भात सौर टाकीत बसवून मिळणाऱ्या विजेच्या कॉइलविषयी सावध करावेसे वाटते. ‘पावसाळ्यात बटण दाबा, पाणी तयार’ असे सांगून ती विकली जाते. पण ती तापवते सगळी टाकी. 200 लीटर पाणी 27 वरून 50 अंशांवर न्यायला सव्वापाच युनिटांहून अधिक वीज आणि 2 किलोवॅटच्या कॉइलला दोन तास चाळीस मिनिटे लागतात. आणि हे सगळे दोन माणसांच्या अंघोळीसाठी. पहिल्या पावसाळ्यात आम्ही तीन आठवडे ती कॉइल वापरली, मीटरचे आकडे पाहिले आणि ती कायमची बंद केली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर सौर टाकीचा कॉक बंद असतो. कोमट पाणी महिनोन् महिने साठून राहिले तर त्यात अपायकारक जिवाणू वाढू शकतात, म्हणून ऑक्टोबरात टाकी एकदा पूर्ण रिकामी करून, धुऊन, दोन-तीन दिवसांच्या उन्हात पाणी 60 अंशांपर्यंत चढल्यावरच वापर सुरू करतो.

आता गीझर. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की गोव्यातल्या मध्यम कुटुंबाची गरम पाण्याची मुख्य गरज न्हाणीघराच्या भिंतीवर, तोटीपासून दोन हातांवर बसवलेला एक चांगला साठवणीचा गीझरच भागवतो. बाकी सगळे त्याच्या जोडीला. 25 लीटर पाणी 60 अंशांवर नेण्यास जवळजवळ एक युनिट आणि अर्धा तास लागतो व त्यातून तीन बादल्या निघतात. चालूच ठेवला तर 2 किलोवॅटचा गीझर दर नऊ मिनिटांना एक बादली देत राहतो. विकत घेताना तारे किती हे पाहावे, पण तारे कशाचे ते समजून घ्यावे : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे गीझर पाणी किती लवकर तापवतो हे सांगत नाहीत, तापवलेले पाणी न वापरता ठेवल्यास चोवीस तासांत किती वीज वाया जाते हे सांगतात, आणि तो आकडा लेबलावर छापलेला असतो. ज्या घरात आजारी किंवा वृद्ध माणसासाठी दिवसभर पाणी तयार ठेवावे लागते तिथे पंचतारांकित गीझरचा जास्तीचा पैसा सार्थकी लागतो. जे अर्धा तास आधी बटण लावून अंघोळीनंतर बंद करतात त्यांना तीन तारेही पुरतील. यापलीकडे आयएस 2082 (साठवणीच्या गीझरचे भारतीय मानक) चे आयएसआय चिन्ह, काचेचा लेप दिलेली टाकी आणि टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजण्यापासून वाचवणारा, बदलता येणारा मॅग्नेशियमचा दांडा, एवढे पाहिले की पुरे. रंगीत दिवे, मोबाइलवरून चालू करण्याची सोय यांवर आम्ही खर्च केला नाही आणि त्यांची उणीव कधी भासली नाही. त्याऐवजी आपल्या गावात दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येतो, हे शेजारच्या दोन घरांत विचारून मगच कंपनी ठरवली.

गीझर भिंतीवर टांगण्याचा प्रसंग मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. घराच्या जुन्या भिंती दीड हात जाडीच्या चिऱ्यांच्या, मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या आणि वर चुन्याचा गिलावा. प्लंबरने नेहमीच्या सवयीने दोन भोके पाडली, अँकर बोल्ट ठोकले आणि गीझर अडकवला. पाणी सोडण्यापूर्वी मी खालून गीझरला हात लावून पाहिला तर तो किंचित हलला, आणि उजव्या बोल्टच्या भोवतीने लाल भुकटी फरशीवर गळू लागली. पाहता पाहता मूठभर झाली. चिऱ्याला अंगचीच भोके असतात, आत मऊ मातीचे खिसे असतात. बोल्ट घट्ट आवळला की तो दगडाला धरण्याऐवजी दगडच कुस्करतो. भरलेला 25 लीटरचा गीझर पस्तीस किलोच्या पुढे जातो आणि तो खाली उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने बोल्ट काढायला लावले आणि भिंतीच्या आरपार लांब आट्यांचे दोन गज घालून पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी दिली व तीवर नट आवळले. पलीकडची बाजू सामानाच्या खोलीत येत असल्याने ती पट्टी कोणाच्या नजरेस येत नाही. ज्यांना आरपार जाता येत नसेल त्यांनी दोन चिरे काढून त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओतावा आणि तो पुरता वाळल्यावर त्यात बोल्ट बसवावेत.

गीझरच्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकते म्हणून तिच्या तोंडाला बूच मारण्याचा सल्ला आम्हाला याच प्लंबरने दिला होता. तो कोणीही कधीही मानू नये. 27 अंशांचे 25 लीटर पाणी 60 अंशांवर गेले की सुमारे एक तृतीयांश लीटरने फुगते आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. थर्मोस्टॅट बिघडल्यास तीच झडप टाकी फुटण्यापासून वाचवते. ठिबकणारे पाणी एका बारीक नळीने मोरीकडे नेले की झाले. विजेच्या बाजूने वेगळी 16 अँपिअरची जोडणी, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 30 मिलिअँपिअरचा गळती-विद्युत कटआउट आणि पक्के अर्थिंग या चार गोष्टींत काटकसर नसावी. जांभ्या दगडाची जमीन मे महिन्यात खोलवर कोरडी होते आणि अर्थिंग कमकुवत पडते, तेव्हा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत सोडू नये आणि इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्यावे.

स्वयंपाकघरातील 3 लीटरचा झटपट गीझर भांड्यांवरचा ओशटपणा काढण्यापुरता चांगला आहे. 3 किलोवॅटमध्ये मिनिटाला सुमारे सव्वातीन लीटर पाणी 13 अंशांनी तापते. सिंकला ते पुरते, अंघोळीला बेताचे होते. शिवाय व्होल्टेज उतरले की त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर तीन चतुर्थांशच उरते. साठवणीच्या गीझरला अशा वेळी थोडा अधिक वेळ लागतो एवढेच. झटपट गीझरमधून मात्र सरळ कोमट पाणी येते.

गॅस गीझरचा आम्ही विचारच केला नाही. बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो, माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध होतो, आणि अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. बसवायचाच असेल तर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत. आमच्या घरात तशी पावसापासून आडोशाची जागा नव्हती.

हीट पंपाविषयी थोडे. मडगावला आमच्या चुलतभावाने घराला जोडून पाहुण्यांसाठी पाच खोल्या काढल्या आहेत आणि तिथे असा पंप बसवला आहे. तो हवेतील उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे एक युनिट विजेत तीन युनिटांइतके पाणी तापते, आणि गोव्याची उबदार, दमट हवा त्याला फार मानवते; भर पावसातही तो तसाच चालतो. पाहुणे शॉवर वापरतात, रोज दहा-दहा माणसे असतात, तिथे त्याची किंमत निघते. आमच्या दोन युनिटांच्या गरजेपुढे लाखाच्या घरातली किंमत मला पटली नाही, पण ज्यांचा वापर मोठा आहे आणि छपरावर माडांची सावली आहे त्यांनी सौर संचाआधी हीट पंप पाहावा असे मी सांगेन.

या सगळ्यांत आम्ही एक गोष्ट पाडली नाही, ती मागच्या पडवीतील भाणाची, म्हणजे अंघोळीचे पाणी तापवण्याच्या मोठ्या भांड्याची चूल. दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदाराने ती काढून तिथे कपडे धुण्याच्या यंत्राची जागा दाखवली होती. आईने नको म्हटले आणि ते बरे झाले. चवथीच्या सकाळी अठरा माणसे पूजेपूर्वी अंघोळ उरकू पाहतात, आकाश भरलेले असते, सौर टाकी बंद असते. नऊ मिनिटांना एक बादली या वेगाने एका गीझरला अठरा बादल्यांसाठी पावणेतीन तास लागले असते. दोन्ही वर्षी आम्ही पहाटे चारला भाणाखाली नारळाची सोडणे, करवंट्या आणि वाळलेली चुडते घालून जाळ केला. पुरुषांनी आणि मुलांनी तिथले पाणी घेतले, वृद्ध आणि बायका गीझरवर. आठ वाजता सगळे मखरासमोर होते.

यंदा चवथ झाल्यावर गीझरचा मॅग्नेशियमचा दांडा काढून पाहिला. बसवताना तो करंगळीपेक्षा जाड आणि गुळगुळीत होता. आता कुरतडलेल्या काडीसारखा खडबडीत झाला आहे आणि एका ठिकाणी आतली तार दिसू लागली आहे. टाकीऐवजी तो झिजला, म्हणजे त्याने त्याचे काम केले. नवा दांडा मागवला आहे, तो दिवाळीपूर्वी बसेल. माडीवरच्या 15 लीटरच्या गीझरचा दांडाही त्याच दिवशी काढून पाहायचा आहे.